पाइपावरची वाट

४ फेब्रुवारी

चि. छबी हिस अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा काय म्हणतो? मेहुण्यांचा खोकला गेला का? नातीचे पुढचे दात आले का? माझं विचारशील तर तब्येत ठणठणीत, घर मात्र खायला उठतं. तुझी वहिनी जाऊन दोन वर्षं झाली, तरी चहाचं आधण अजून दोघांचंच चढतं.

सध्या बुधवारी मात्र कपही पुरत नाहीत! टेकडीमागच्या तळ्यापर्यंत फिरायला पायवाट करायची आणि भोवतीची जमीन कायम मोकळी राखायची, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. त्यासाठीच्या समितीला बैठकीला मोठं टेबल हवं होतं, ते माझ्याकडे. शाळेच्या बाई, जंगलखात्याचे साहेब, सायकलवाली पोरं नकाशा पसरून तावातावानं भांडतात. वाट माझ्या दारावरून, पाणथळातून न्यायचं जवळजवळ पक्कं झालंय. म्हणजे रोज माणसं! कुणी पाणी मागेल, कुणी पायरीवर टेकेल.

आता खरं सांगतो. पाणथळात टिटव्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. वाट आली की त्या गेल्या. बाई हळहळतात, पण दुसरा रस्ताच नाही म्हणतात. आहे. वरच्या अंगानं, जमिनीत पुरलेल्या पाण्याच्या जुन्या पाइपावरून. तीस वर्षं नोकरीत गळती शोधत मी तिथून चाललो. ती वाट नकाशात नाही, माझ्या पायांत आहे. आणि मी मिठाची गुळणी धरून बसलोय. काय करू?

तुझा दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

गुडघा कुरकुरतो, खोकला गेला, दात आलेत आणि ते दाखवत नात घरभर हिंडते.

दादा, तू गप्पच बस! टिटव्या काय तुला औषध आणून देणार आहेत? वहिनी गेल्यापासून तुझ्या दारात फिरकतं कोण? मला इथून हलता येत नाही, जीव टांगणीला लागलेला असतो. जन्मभर दुसऱ्यांच्या नळाला पाणी आणलंस, आता थोडा आपमतलबी हो की.

तुझी छबी

२ मे

चि. छबीस आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही, रागावू नकोस. गप्पच बसणार होतो. पण बाईंनी पाणथळावर लाल रेघ ओढली आणि मलाच विचारलं की काका, बरोबर ना? सांगून टाकलं. इतके दिवस लपवलं, तेही. बाईंनी माझा कप भरून पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी काठी टेकत सगळ्यांना वर नेलं. झुडपं बाजूला सारली तशी पाइपाची लोखंडी झाकणं एकेक सापडत गेली. पोरं मला चालता नकाशा म्हणायला लागली.

वाट झाली. ती शाळेपासून सुरू होते, म्हणून बैठकाही तिकडेच गेल्या. मला बोलावतात, पण शाळेपर्यंतचा चढ आता रोजचा झेपत नाही. टेबल रिकामं आहे. टिटव्यांनी अंडी घातलीत, चार दिसली. मी जरा पुढे झालो की अशा ओरडतात, जणू मीच चोर!

काल वरच्या वाटेवरून कुणीतरी हात हलवला. मला, की मागून येणाऱ्याला, इतक्या लांबून कळलं नाही. मीही हलवला. बराच वेळ.

तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे, तरी तो कागदावर लवकर उतरव. पोस्टमन तेवढा अजून दारावरून जातो.

तुझा दादा