सुलोचनाबाईंचा हात

३ मार्च, सकाळ
आमच्या लष्कर भागातली दोन मराठी वधूवर मंडळं एक झाली. त्याचा खरा खर्च इथे लिहून ठेवतो, अहवालात येणार नाही: दाना ओलीतल्या दुसऱ्या मंडळाकडे सात चकरा, पाटीवर कोणाचं नाव आधी यावर तीन बैठका, आणि सुलोचनाबाईंचा अबोला, अकरा दिवस. स्थळांचं रजिस्टर तीस वर्षं त्यांच्या कपाटात होतं. आता ते वेबसाइटवर जाणार. वेबसाइट मीच बनवतोय, नया बाज़ारच्या दुकानात, झेरॉक्सच्या गिऱ्हाइकांतून वेळ काढून. कोणाकडे शिकलो नाही.

४ मार्च
सगळी पानं स्कॅन. एका स्थळाला एक पान, शेवटचा रकाना 'शेरा'. बाई पान दाखवताना त्या रकान्यावर तळहात ठेवतात. त्याआधी विचारतात, कोण तुम्ही, कोणाचं पान हवंय, कशाला. दर वेळी, ओळखीच्यालाही. आज म्हणाल्या, लक्ष्मीकांत, तुझ्या मशीनमध्ये माझा हात कुठे ठेवणार? सांगितलं, आता पासवर्ड असतो. शिकतील हळूहळू.

६ मार्च
कुलूप बसलं. इतकं पक्कं की मलाच दोनदा बाहेर उभं केलं. विमलला दाखवलं. म्हणाली, छान आहे, येताना कोथिंबीर आणा.

९ मार्च
आमच्या शरयूसाठी गोरखीजवळच्या माधवरावांचा मुलगा. पुण्याला असतो. दोघं फोनवर बोलली आणि शरयू हो म्हणाली. सव्वीस स्थळांनंतर पहिल्यांदा. हे जमलंच पाहिजे.
माधवरावांना मुलीचा कागद हवा, पण पासवर्डची कटकट नको. होणाऱ्या व्याह्यांना दाराशी ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. शरयूच्या पानाची सरळ लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली. लिंकच्या शेवटी तिच्या पानाचा नंबर, ४७. स्कॅन करताना बाईंचा हात शेऱ्यावरच राहिला होता, तेवढा रकाना झाकलेला. एक पान, एक घर. धोका शून्य.

१२ मार्च
पानं उघडल्याचा आकडा: दोनशे बारा. कुलपाची कीर्ती पसरली. सुलोचनाबाईंना मुद्दाम फोन करून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि फोन ठेवला. पटलं असावं.

१३ मार्च, दुपार
दुकानात दोन बायका. माझे हात मशीनवर, कान काउंटरवर. एक म्हणाली, अगं, ती माधवरावांकडची लिंक आली ना, तीत सत्तेचाळीसच्या जागी कोई भी नंबर डालो, खुल जाता है. दुसरी म्हणाली, बत्तीसचा शेरा वाचलास? पगार सांगतात त्याच्या निम्मा.
गडबडीत त्यांच्या आधार कार्डाच्या चौदा प्रती निघाल्या.

१३ मार्च, संध्याकाळ
शरयूने तपासलं. म्हणाली, बाबा, ताला दरवाज्याला लावलात, फाइलें तो सारी बाहर आँगन में पड़ी हैं. त्या आतल्या खोलीत ठेवायच्या, आणि प्रत्येक पान मागताना विचारायचं, कोण मागतंय, त्याला हे द्यायचं का.
हे मी कुठेतरी ऐकलंय. कुठे ते आठवत नाही.
तिने तासाभरात सगळं आत हलवलं. किरकोळ दुरुस्ती होती. पण माधवरावांच्या घरी तोवर एकसष्टपर्यंत वाचून झालं होतं. एकसष्ट त्यांचंच. शेरा: 'मुलगा सरळ. आई घरात कोणाला बोलू देत नाही.'
माधवरावांचा फोन. तूर्त थांबू या म्हणाले. मागून त्यांच्या मिसेस काय बोलायचं ते सांगत होत्या.
शरयू जेवली नाही.

१५ मार्च
सुलोचनाबाई स्वतः ऑटो करून गोरखीला गेल्या. विमलही सोबत, तिनेच नंतर मला सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, शेरा मी लिहिला, मला बोला, पोरीला कशाला शिक्षा? माधवरावांच्या मिसेसनी विचारलं, आणि सत्तेचाळीसला काय लिहिलंयत? बाईंनी स्वतःच वाचून दाखवलं: 'मुलगी उत्तम. वडील बोलतात फार. निम्मं सोडून द्यावं.'
मिसेस म्हणे खूप हसल्या. म्हणाल्या, म्हणजे दोन्ही घरांत एकेक आहे.
रविवारी येतायत. अट एकच, यापुढे कागद बाईंच्या हातून.
शरयूने दोनदा भात घेतला.

१६ मार्च
शेऱ्याबद्दल वाईट वाटून घेत नाही. दोनशे बाराचा आकडा तरी माझा आहे. अहवालात घालायला शरयूकडून कोण कुठून आत आलं याची नीट यादी काढून घेतली.
पासवर्ड टाकून दारातून आत आलेली माणसं आजवर: एक. मी.