लाल पेन्सिल कुठपर्यंत

३ मार्च, सोमवार

दहापैकी लेखनाला सहा, मांडणीला दोन. आजचा ब्लॉग एका सायकल दुरुस्तीवाल्याचा. माणूस गमतीदार लिहितो, पण पानावर इतकी फुलं आणि इतक्या लुकलुकणाऱ्या पट्ट्या की मजकूर शोधायला कंदील हवा! तसंच लिहून पाठवलं.

संपादकाचा फोन. ‘यंदाच्या उत्तम ब्लॉगच्या निवडीची मुख्य परीक्षक तू. जाहिरातीत लिहितोय — लालपेन्सिल पहिल्या पोस्टपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, मगच बोलते. चालेल ना?’

चालेल म्हटलं. सहा वर्षं या साइटवर लालपेन्सिल या नावाने लोकांचे ब्लॉग तपासतेय, एवढं तर मला शोभतंच. दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांच्या पावत्या आणि पत्रिका जुळवायच्या, संध्याकाळी दुसऱ्यांच्या ब्लॉगांची उणीदुणी काढायची. सासूबाई म्हणतात, ‘असते एकेकाला आवड.’

४ मार्च, मंगळवार

एका अनोळखी माणसाची मेल आली. चारदा वाचली. हातातला चहा गार झाला.

‘दोन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या वडिलांच्या ब्लॉगचं परीक्षण केलं होतं. आज काय दिसलं, असं नाव होतं.’ ‘तुमचं वाचून बाबांनी बऱ्याचशा पोस्ट काढून टाकल्या. कंप्यूटरवरूनही पुसल्या, पुढे लिहिलंही नाही. करायचं तर पुरतं, असा त्यांचा स्वभाव.’ ‘बाबा जानेवारीत गेले.’ ‘आईला दिसत नाही. ते रोज तिच्यासाठी लिहायचे आणि कंप्यूटर तिला वाचून दाखवायचा. आता उरल्यात तेवढ्याच ती पुन्हा पुन्हा लावायला सांगते.’ ‘तुम्ही ब्लॉग कागदावर छापून वाचता असं साइटवर लिहिलंय. एखादी प्रत कुठे राहिली असेल का? महिनाअखेर आईला मी माझ्याकडे नेतोय. त्याआधी मिळालं तर फार बरं होईल.’

कुठेही रागाचा शब्द नाही. एक तरी असता तर मला उलट चिडता आलं असतं.

जुनं परीक्षण उघडलं. लेखनाला तीन, मांडणीला एक. ‘चित्र नाही, रंग नाही, पांढऱ्यावर नुसतं काळं. हा ब्लॉग आहे की कोर्टाची नोटीस? समोरच्या भिंतीचा रंग सहा ओळींत! त्यापेक्षा भिंतीचा फोटो टाकला असता तर आपण सगळेच सुटलो असतो. शेवटपर्यंत हेच चालतं. निम्म्याहून अधिक उडवा, कुणाचं काही बिघडणार नाही.’

लोकांना हे फार आवडलं होतं. खाली सत्तेचाळीस जणांनी दाद दिलीय. मीही तेव्हा ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं होतं!

फोटो कुणासाठी टाकणार होता तो माणूस?

६ मार्च, गुरुवार

मेलला उत्तर दिलेलं नाही. त्यांचा ब्लॉग उघडून बघायचाही धीर होत नाही. कामात लक्ष नाही. एका पावतीवर दुकानाचा पत्ता दोनदा जुळवला. मालक म्हणाले, ‘बाई, घरी सगळं ठीक ना?’

इथे तरी खरं लिहावं. इथे कोण बघतंय?

ज्याला परीक्षण हवं तो सगळ्या पोस्ट एका फाइलमध्ये पाठवतो; परीक्षण लागलं की फाइल साइटवरून पुसली जाते, उरतो तो कागद. मी त्या छापखान्यातल्या वाया गेलेल्या पाठकोऱ्या कागदांवर छापते, एका पानावर एक पोस्ट, आणि लाल पेन्सिल घेऊन बसते. पान वाचून झालं की कोपऱ्यात खूण. खूण केल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा नियम साइटवर मीच मोठ्या अक्षरात लिहिलाय. नव्या परीक्षकांना तो ऐकवते.

त्या ब्लॉगच्या एकशे ऐंशी पोस्ट होत्या. सगळ्या छापल्या. पण सगळ्या वाचल्या नाहीत. चाळिशीच्या आसपास थांबले. तेव्हा ताप नव्हता, घरात आजारपण नव्हतं, संपादकाची घाई नव्हती. कंटाळा आला. पुढेही हेच असणार असं धरून चालले आणि ‘शेवटपर्यंत’ लिहून मोकळी झाले. सहा वर्षांत एकदाच केलं. पण केलं.

आता कागद सापडला तर त्यावर माझ्या खुणा असणार. आणि खुणा कुठे थांबल्या तेही दिसणार. ‘प्रत ठेवलेली नाही, क्षमस्व’ एवढं लिहिलं की विषय संपतो. लिहिलंही होतं. पाठवलं नाही.

८ मार्च, शनिवार

माळ्यावर चढले. सहा वर्षांचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले, वर ब्लॉगचं नाव. सायकलवाल्यासारखे कितीतरी. ‘आज काय दिसलं’चा गठ्ठा सापडला, पण सैल. हात लावल्याबरोबर कळलं की पानं कमी आहेत.

खाली येऊन विचारलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘कागद जाड आहे हो तुझा. फडताळात घातलाय. दोन वर्षं पडून होता, मला काय माहीत तू मागशील!’

फडताळातले सगळे डबे खाली. तेलाच्या बरणीखाली पोस्ट क्रमांक एकशे तीन. मिठाच्या बरणीखाली एकशे बारा, अक्षर फुगलेलं. औषधांच्या खणात सात पानं, अगदी नव्यासारखी करकरीत. सासूबाई स्वतः स्टुलावर चढून वरच्या फळीवरची काढायला लागल्या. त्यांना खाली उतरवलं तर म्हणाल्या, ‘कुणाचे कागद आहेत गं एवढे?’

सांगितलं. अर्धंच सांगितलं. म्हणाल्या, ‘अगंबाई. आणि मी वर डाळीचा डबा ठेवला.’ मग एकेक पान साडीच्या पदराने पुसत बसल्या.

एकशे अठरा आणि एकशे एकोणीस मिळालीच नाहीत. शेजारणीला काहीतरी बांधून दिलं होतं त्यात गेली असावीत.

९ मार्च, रविवार

सगळे बाहेर गेल्यावर पानं क्रमाने लावली. लाल खुणा एक ते एक्केचाळीस. एक्केचाळीसच्या समासात माझ्या अक्षरात ‘पुन्हा भिंत!!’ त्यानंतर एकही खूण नाही. एकशे एकोणचाळीस पोस्ट आणि पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नाही. आंधळ्यालाही दिसेल — काय लिहितेय मी!

मग जे केलं ते लिहायला लाज वाटते. पेन्सिल घेतली. म्हटलं, कोपऱ्यात खूण करायला पानाला किती वेळ लागतो? अर्ध्या तासात सगळी पानं ‘वाचलेली’ होतील. बेचाळीसवर खूण केली. आणि करता करता नजर पहिल्या ओळीवर गेली.

‘आज सांगूनच टाकतो. वाचणाऱ्याला वाटत असेल, हा म्हातारा भिंतीत एवढं काय बघतो. हिची नजर गेली त्याला परवा तीन वर्षं होतील. समोरच्यांनी रंग काढला तर ही विचारते, कसला? पिवळा म्हटलं तर भांडते. कसला पिवळा? मग मला चपला घालून पुन्हा बघायला जावं लागतं. म्हणून सहा ओळी.’

एक पान! फक्त एक पान आणखी उलटलं असतं तर!

खूण खोडरबराने पुसली. नीट गेली नाही, गुलाबी डाग राहिला. मग उठलेच नाही. जेवणाची वेळ टळून गेली तरी वाचत होते. सत्त्याहत्तरमध्ये लिहिलंय — ‘तुमचे केस किती पांढरे झाले, विचारत होती. चार-पाच, म्हटलं. डोक्यावर हात फिरवून म्हणाली, हाताला रंग कळत नाही म्हणून वाचलात. इथे लिहितो म्हणजे उद्या ऐकेलच: सगळे.’

हसले आणि मग रडूच आलं. लेखनाला तीन दिले होते मी. तीन!

१० मार्च, सोमवार

मेल पाठवणाऱ्या त्या मुलाला कळवलं, प्रत आहे. पाच मिनिटांत उत्तर — ‘आईला सांगितलं. ती खुर्ची कंप्यूटरजवळ ओढून बसली.’

नवऱ्याला रात्री जेवताना सगळं सांगितलं. खुणांचंही. त्याचा व्यवहारी सल्ला: ‘कागद कशाला देतेस? नवीन टाइप कर आणि फाइल पाठव. त्यांच्या कंप्यूटरला तशीही फाइलच लागणार. तुझ्या खुणा माळ्यावर राहतील. कुणाला काय कळतंय!’

बरोबर आहे त्याचं. कागद कंप्यूटरला वाचता येणार नाही. टाइप करणं माझा धंदा. त्यांचं काम होईल, माझंही झाकलं जाईल. इतकं सोयीचं निघालं की मलाच भीती वाटली.

१३ मार्च, गुरुवार

छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत टाइप करतेय. मालकांनी पाहिलं. कुणाचं काम म्हणून विचारलं. घरचं, म्हटलं.

टाइप करताना एकही शब्द सोडून चालत नाही. दोन वर्षांपूर्वी टाळलेलं आता बोटांनी अक्षर न् अक्षर वाचतेय. ही माझी शिक्षा म्हणायची का? शिक्षेत इतकं बरं वाटू नये. त्यांचं वाक्य दुरुस्त करायला हात एकदाही शिवशिवला नाही. एकशे बारामधला मिठाने खाल्लेला एक शब्द लागेना, तिथे मोकळी जागा ठेवली. मनाचं काही घातलं नाही.

१७ मार्च, सोमवार

फाइल पाठवली. एकशे ऐंशीतल्या एकशे अठ्ठ्याहत्तर. सोबत चार ओळींचं पत्र. पाचवी ओळ होती — ‘परीक्षण लिहिताना मी बेचाळिसाव्या पोस्टपासून पुढचं वाचलेलं नव्हतं.’ ती लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. आणि खोडून पाठवलं.

भित्री!

१९ मार्च, बुधवार

मुलाची मेल. आभार, आभार, आभार. प्रत्येक आभार टोचतो. आणि खाली:

‘एक गोष्ट विचारायची होती. तुमची फाइल ब्लॉगशी जुळवून पाहिली. ब्लॉगवर अजून आहेत त्या बरोबर एक ते एक्केचाळीस. बाबांनी बेचाळीसपासून पुढच्या सगळ्या काढल्या. निम्म्या उडवा म्हणालात, तर त्यांनी निवडून का नाही उडवल्या? तिथेच का थांबले असतील? तुम्हाला काही अंदाज?’

ब्लॉग उघडला. आता उघडावाच लागला. पांढऱ्यावर काळं. शेवटची पोस्ट एक्केचाळीस. पुन्हा भिंत.

त्यांना कळलं होतं! माझ्या परीक्षणात त्यांच्या बायकोचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. बेचाळीस वाचलेला माणूस ‘फोटो टाका’ म्हणेल का? त्यांनी ओळखलं मी कुठे थांबले ते, आणि मी न वाचलेलं तेवढं सगळं काढून टाकलं. मला एक अक्षर लिहिलं नाही. साइटवर तक्रार नाही. शेवटपर्यंत वाचणाऱ्या बाईला एवढ्यातच कंटाळा आला, तर पुढचं ठेवून काय करायचं — असंच वाटलं असेल ना?

मुलाला अजून उमगलेलं नाही. ‘अंदाज नाही’ असं लिहिता येईल.

२० मार्च, गुरुवार

साइटवर जाहिरात लागली. माझ्या टोपणनावाशेजारी लाल पेन्सिलीचं चित्र. ‘शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, मगच बोलते.’

संपादकाला फोन केला आणि जाहिरात उतरवायला सांगितलं. कारणही सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, ‘अगं, सगळेच कधी ना कधी करतात.’ म्हटलं, सगळ्यांनी नियम लिहून लावलेला नाही. ते जुनं परीक्षणही काढ, म्हटलं. मग पुन्हा फोन करून सांगितलं, काढू नकोस. राहू दे तिथेच आणि त्याखाली मी खरं काय ते लिहिते. ते लिहिलं.

मुलालाही लिहिलं. पाचवी ओळ, जशीच्या तशी. खाली एवढंच — ‘ते तिथेच थांबले कारण मी तिथेच थांबले होते.’

उत्तर नाही.

२१ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. सासूबाईंनी फडताळात वर्तमानपत्र घातलं. पाठकोऱ्या कागदांना हात लावत नाहीत आता.

२२ मार्च, शनिवार

सकाळी फोन. नंबर मुलाचा, आवाज त्याच्या आईचा. खणखणीत.

‘मुलाने सांगितलं. आम्हाला काय ते त्याच दिवशी कळलं होतं. मी ह्यांना म्हटलं, लिहा त्या बाईला, झाडा चांगली. तर म्हणाले, कंटाळा आला असेल तिला.’

मी काय बोलले आठवत नाही. माफी मागितली असावी. त्यांनी ती मध्येच तोडली.

‘कंप्यूटर सगळं एका सुरात वाचतो. ह्यांचं भांडणसुद्धा. कागद आहेत ना जवळ? मग बसा आणि बेचाळीसपासून सुरू करा. सावकाश वाचा. गुण मी देणार आहे.’