अंगणातल्या दोन गाड्या

बाबूजी,

अंगणातल्या दोन्ही जुन्या गाड्या देऊन टाकाव्यात आणि त्यांच्या जागी एकच लहान, कमी पेट्रोल खाणारी गाडी घ्यावी, हे ठरवायला मला अख्खा उन्हाळा लागला. तुमची पांढरी अॅम्बेसेडर चिंचेखाली, जीप तिच्या मागे. शाळेतली नोकरी संपवून मी कामठ्याला, आपल्या घरी राहायला आले तेव्हापासून दोघींची उस्तवार माझ्याकडे. जीप ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. अॅम्बेसेडर सुरू होते, पण गोंदियाला जाऊन येईपर्यंत इतकं पेट्रोल पिते की मी भाजी आणायला गेले होते की तिला पाजायला, असा प्रश्न पडतो. गॅरेजवाला म्हणतो, मॅडम, अब इनको आराम दो. भाऊ नागपूरहून फोनवर म्हणाला, बाबूजींची आठवण आहे, विकू नकोस. मग घेऊन जा, म्हटलं. तर त्याच्याकडे पार्किंग नाही. तुमची आठवण जपायची त्यानं आणि तिची बॅटरी चार्ज करायची मी.

सगळ्यांना मी मायलेजच सांगते. तेवढं पुरतं. पण तुमच्याशी मायलेजचं बोलण्यात अर्थ नाही.

हॉस्टेलवर तुम्ही मला भेटायला यायचात ते आठवतं. धोतराचा सोगा हातात धरून फाटकाशी उभे असता, दुसऱ्या हातात आईनं दिलेला डबा. इंग्रजी बोलणाऱ्या सिस्टर्ससमोर तुम्ही अंग चोरून बसता आणि माझी प्रगती ऐकताना डोळे पुसता. कन्येला एवढं शिकवणारे आपल्या गावात तुम्ही एकटेच, हे मी आजही कोणालाही सांगते. आमच्या एक सिस्टर शाळेची मेटाडोर स्वतः चालवायच्या. पांढरा झगा, डोक्यावर ओढणी, आणि हात स्टेअरिंगवर. त्या फाटकातून आत आल्या तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात आणि हात जोडलेत. मला वाटलं, झालं, आता आपलं गाडी शिकायचं काम सोपं. त्याच सुट्टीत मी ड्रायवरकाकांच्या मागे लागून जीपवर बसले. त्यांनी क्लच दाखवला, गाडी दोन गचके खाऊन बंद पडली आणि तुम्ही ओसरीवरून खाली आलात. "उतर. तुले कायले पाहिजे गाडी? बसाले मिळते ना मांगं." मी म्हणाले, सिस्टर चालवतात. त्यावर तुम्ही म्हणालात, त्यांचं घरदार नाही, तुझं होणार आहे. काकांना तर तुम्ही वर्षभर टोमणे मारलेत, मास्तर म्हणून हाक मारायचात त्यांना.

अॅम्बेसेडर आपली कधी नव्हतीच. ती गावाच्या नवऱ्या मुलींची होती. कोणाचंही लगन असो, ऐपतीचं वा बिनऐपतीचं, पाठवणी मालकांच्या, म्हणजे तुमच्याच, गाडीतून व्हायची, आणि त्याचा पैसा तुम्ही कधी घेतला नाही. त्या गाडीचा एक नियम होता: नवरी बसली की गाडी सासरच्या उंबऱ्यापर्यंत मागे वळत नाही. वळली तर मुलगी माहेरी परत येते म्हणतात. हे कोणी ठरवलं ठाऊक नाही, पण तुम्ही ते आपल्या अब्रूसारखं पाळलंत.

त्या दिवशी नवरी चिचगडला जायची होती. कॉलेजची सुट्टी होती, मी घरी होते. दुपारचं ऊन, वाजंत्री थांबलेली, गाडी नुकतीच वळणावरून दिसेनाशी झालेली. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज येतो. आई चुलीपाशी बसल्या बसल्या कलंडली आहे, छाती घट्ट धरून, ओठ निळे पडत चाललेत. मी तुम्हाला ओरडून बोलावते. भाऊ परीक्षेला नागपूरला, ड्रायवरकाका नवरीबरोबर. अंगणात जीप उभी, किल्ली खुंटीवर, आणि ती चालवू शकेल असं घरात एकही माणूस नाही. तुम्ही स्वतः कधी शिकला नव्हतात, मालकानं चालवायची नसते म्हणून. पण अजून वेळ गेली नव्हती. नवरी तलावाच्या पाळीवरच्या देवळात नारळ फोडायला उतरते, गाडी तिथं थांबते, हे सगळ्या गावाला माहीत. शेजारचे काका सायकल घेऊन तयार होते. म्हणाले, आत्ता गाठतो पाळीवर, फिरवून आणतो गाडी. तुम्ही खाली बघितलंत, आईकडे नाही. "नाही. नवरी बसल्यावर गाडी मांगं फिरत नाही. बैल जुंपा."

बैलगाडीत आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही तिच्या पायांशी बसून उपरण्यानं वारा घालत होतात. गोंदिया यायच्या आधीच तुमचा हात थांबला. तुम्हाला माझ्या आधी कळलं होतं.

तेराव्याला लोक म्हणाले, मालकांनी घरची लक्ष्मी गेली तरी दुसऱ्याच्या लेकीचं लगन बाटू दिलं नाही. तुम्ही हात जोडून ते ऐकून घेतलंत. सिस्टरसमोर जोडले होते तसेच. मी दाराआड उभी राहून वाट पाहत होते की एकदा तरी तुम्ही म्हणाल, चुकलं. तुम्ही त्यानंतर वीस-एक वर्षं जगलात. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तुमची मनिऑर्डर आली, खाली 'आशीर्वाद' लिहिलेलं. ते 'चुकलं' मात्र आलं नाही.

गाडी मी पन्नाशी उलटल्यावर शिकले, गोंदियाच्या क्लासमध्ये, माझ्या विद्यार्थिनींच्या मुलींबरोबर. तरीही तुमच्या गाड्या द्यायला हात धजेना. तो धजला तो शेजारच्या काकांच्या सुनेमुळे. या उन्हाळ्यात ती आली आणि म्हणाली, "बाई, पोरीच्या लगनाले मालकाची गाडी पाहिजे होती जी." मी म्हटलं, अगं, तिचा भरवसा नाही, वाटेत बंद पडेल. ती म्हणाली, "पडली तं ढकलू. पण नवरी त्याच गाडीत बसन." त्याच संध्याकाळी मी भावाला सांगितलं, कागद पाठवते, सही कर. तो थोडा रडला आणि सही केली. दोन्ही गाड्या गेल्या. त्यांच्या जागी आलेली गाडी इतकी बुटकी आहे की चिंचेखाली ती खेळण्यासारखी दिसते. शोरूममध्ये मी उंची विचारली नाही, डिकी पाहिली नाही. एवढंच पाहिलं की हिला कोणी नवरीसाठी मागणार नाही.

पण सून परत आली. गाडीभोवती एक फेरी मारून हसली. म्हणाली, "लहानशी आहे, पण नवरीही बारीकच आहे. द्या हीच." मी देते म्हटलं, फक्त चालवीन मी. आणि वाटेत कोणाच्या घरून दुखण्याचा निरोप आला तर मी गाडी वळवीन, नवरी आत असली तरी. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, विचारून सांगते. त्यांनी गोंदियाहून मोठी गाडी भाड्यानं आणली. लगन छान झालं, मी जेवून आले.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही नुसतं 'आशीर्वाद' लिहिलं असतं. माझी अट बरोबर होती, आजही तीच घालीन. पण पाठवणीच्या वेळी ती भाड्याची गाडी माझ्या दारावरून गेली तेव्हा मी नवी साडी नेसून, किल्ली हातात घेऊन उभी होते. त्यांनी ऐनवेळी तरी मला विचारावं, असं वाटत होतं.