आईच्या लडीतल्या बारीक जागा

मॅन्सफील्डजवळ, कनेक्टिकट
९ ऑगस्ट १८१२

ती. आईस केझायाचा सा. न. वि. वि.

हे पत्र लिहून एकदा फाडलं. तुझं रेशीम मामाच्या ओढ्यावरच्या पाणचाकावर तुटतं. पीळ बसताना मध्येच बारीक जागा येते, दोरा जातो आणि चाक काही थांबत नाही. मी गाठ मारेपर्यंत शेजारचाही गुंततो. घरच्या चाकावर बोटांना आधीच कळायचं. मामा म्हणतो, सांग तुझ्या आईला, ओढ्याला बोटं नाहीत. पुढची लड अशीच आली तर परत पाठवीन, असंही म्हणाला. हे गाळणार होते, पण मग ते खोटं लिहिल्यासारखं झालं असतं.

कढईतला कोश संपत आला की लगेच दुसरा जोडतेस ना? तूच मला शिकवलंस, म्हणून विचारायची लाज वाटते. बाबांचा खोकला कसा आहे?

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी केझाया

१६ ऑगस्ट

चि. केझायास अ. उ. आ.

रागावले नाही. मामाला म्हणावं, कढईतल्या गरम पाण्यात बोट घालायला रडणारा तूच, आता रेशमाची पारख करतोस.

कोश जोडते गं. पण ह्यांना उबळ आली की हाक मारतात. मी उठते, बसवते, पाणी पाजते. दोरा गुंडाळायच्या रहाटावर वन्सं असतात. त्यांना ऐकू येत नाही, त्या आपल्या फिरवतच राहतात. तोवर दोनतीन कोश संपतात आणि दोरा बारीक होतो. हाक आली की मी उठणारच. मामाला परवडेल तर घेऊ दे.

वन्संनी सफरचंदं वाळत घातली आहेत, तुझा वाटा ठेवलाय. जेवत जा.
तुझी आई

२६ ऑगस्ट

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझी नवी लड काल गाडीवाला ठेवून गेला. सोबत चिठ्ठी नव्हती. आज सकाळपासून ती पाणचाकावर होती. एकदाही तुटली नाही. मामाने दोरा बोटांतून सोडून पाहिला आणि हसून म्हणाला, आली एकदाची ताई ताळ्यावर.

मग मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याने जाऊन पाणी अडवायची फळी पाडली. चाक थांबलं.

तो घोडा जुंपतोय, तेवढ्यात हे लिहिते. पत्र मीच घेऊन येणार आहे. पण दारात मला तोंडाने विचारता येणार नाही, म्हणून हातात देईन.

बाबा हाक मारायचे कधी थांबले?

तुझी केझाया