जामसरचा लहान चिरा

जव्हार, धर्मशाळा
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८४५

सौ. गौरा,

सायकल खांद्यावर घेऊन दाभोशाची नदी उतरत होतो, पाणी गुडघ्याला लागत होते, तेव्हा पलीकडच्या काठावरून तुमच्या गावचा सावळा म्हणाला, "मास्तर, तू तिच्यावर बसतोस का ती तुझ्यावर?" बरोबरचे पाहुणे हसले. मीही हसलो. मग तो म्हणाला, "तुला दोन चाकं आहात, तरी जामसर लांब कसा?" मी पाण्याकडे बघत चालत राहिलो. ही परवाची गोष्ट.

मी खुशाल आहे. तू, आई, देवजी, सगळी खुशाल असाल. देवजी, हे तू तिला वाचून दाखवशील. मध्ये थांबू नकोस, आणि मी लिहिले नाही ते पदरचे घालू नकोस.

पाहुणे पुण्याचे. शाळेत इतिहास शिकवतात. नाताळच्या सुटीत आपल्या संस्थानातली जुनी ठिकाणे सायकलने पाहायची, म्हणून दोन सायकली घेऊन आले. त्यांचा सोबती मोखाड्याला आजारी पडून परत गेला. त्याची सायकल मला मिळाली. शाळेपुढच्या मैदानात दोन दिवसांत शिकलो. ढोपर फुटले. मुली फार हसल्या. आपली पोर ज्यांच्यात खेळायची त्या.

भूपतगड पाहिला. वर पाण्याची टाकी आहेत, तट पडला आहे. शिरपामाळ पाहिला. पाहुणे प्रत्येक दगडाचे चित्र काढतात, माप घेतात आणि कोणाचा म्हणून विचारतात. मी सांगतो. ठाऊक नसेल तर जुना आहे म्हणतो. तुला गडाशी काय करायचे, तरी लिहितो आहे.

आज सकाळी आम्ही जामसरला होतो.

तू खळ्यावर होतीस. खळे तिथून दिसत होते. तीन बाया पाठमोऱ्या नाचणी झोडत होत्या. त्यांतली एक तू असशील. मी हाक मारली नाही.

ऐनाच्या झाडाखालचे तुमचे चिरे पाहुण्यांना फार आवडले. चंद्र, सूर्य, घोड्यावरचा माणूस. त्यांनी वही काढली. मी सायकल टेकवायला जागा शोधली. कडेला एक लहान चिरा होता, इतरांहून सरळ. त्याला टेकवली. मग मी त्यांना समजावून सांगू लागलो, की हे गेलेल्या माणसांचे दगड. दगड घरच्याने बसवायचा. बसवला नाही तर गेलेले माणूस दारात उभे राहते, त्याला बसायला जागा नसते, अशी या लोकांची समजूत आहे. 'या लोकांची' असे मी म्हणालो.

पाहुणे पलीकडच्या चिऱ्याकडे वळले, तेव्हा आई लाकडाचा भारा घेऊन येत होती. भारा खाली न ठेवताच ती म्हणाली, "जावई, ती काढ तिथून."

"पडणार नाही, आई."

"पडल म्हणून नाही सांगत. चैतीचा आहा तो."

मी सायकल काढली आणि मग पाहिले. दगडावर टाकीचे घाव ताजे होते. चंद्र, सूर्य, आणि मध्ये घोडा नाही, एक पोर. हातात काही चौकोनी. पाटी असावी. चार दिवस मी दगडच बघत होतो, आणि हा पाहिला नव्हता.

"कोणी बसवला?" मी विचारले.

"मामानं. दिवाळीपर्यंत बापाची वाट बघितली."

चैती भाद्रपदात तापाने गेली. हे वाक्य मी आजवर कुठे लिहिले नव्हते.

चिरा बापाच्या हाताने बसतो, असे तू आश्विनात म्हणालीस. मी म्हणालो, शाळेत मी पृथ्वी गोल शिकवतो आणि घरी दगडाला पोर म्हणू? तू तीन दिवस जेवली नाहीस. चौथ्या दिवशी माहेरी गेलीस. गौरा, शाळेचे ते कारण खोटे होते. दगड बसला की ती गेली असे ठरले असते. दारात उभी असेल तर असू दे, असे मला वाटे. संध्याकाळी मी दार लावत नसे, तू विचारायचीस. मी उकडते म्हणायचो.

आता राहिलेले लिहितो. ते टाळायलाच गडाचे लिहीत बसलो.

पाहुणे चित्र काढत काढत लहान चिऱ्यापाशी आले. त्यांनी माप मागितले. मी ते घेतले, हाताने. दीड हाताला चार बोटे कमी. त्यांनी विचारले, "हा कोणाचा?" मी म्हणालो, "ठाऊक नाही."

आई तिथेच होती. डोक्यावर भारा तसाच. जव्हारच्या धर्मशाळेत उतरणार, एवढे तिला सांगून मी निघालो. तिने तुला सांगितले असेल. नसेल तर माझ्याकडून कळावे.

तो चिरा काढून मला पुन्हा बसवू दे असे म्हणत नाही. बसलेल्याला उठवत नाहीत. उद्या पाहुणे त्र्यंबकेश्वराकडे जातील. मी जाणार नाही. ये म्हणालीस तर जामसरला येईन. त्यांना 'माझ्या मुलीचा' म्हणालो नाही, ते तिथे उभा राहून म्हणेन. नको म्हणालीस तर मोखाड्याला घरी जाईन.

चैतीचा बाप,
वामन

दुसऱ्या दिवशी सकाळी देवजी आला. तू पाठवले होतेस. चिऱ्याला सायकलच्या साखळीचे वंगण लागले आहे, राखेने घासले तरी जात नाही, कशाने जाते ते विचारायला. मी घासलेट सांगितले. पाहुण्यांच्या कंदिलात होते तेवढे बाटलीत ओतून दिले. त्याबरोबर हे पत्र पुढे केले. तो म्हणाला, "ताई म्हणाली, तेवढंच विचारून ये." पत्र त्याने घेतले नाही. बाटली घेऊन गेला.