कीड ओळखण्याची प्रमाण नजर

८ डिसेंबर, ओतूर
डेंटल कॉलेजच्या आरती मॅडमचा फोन. जुन्नर-आंबेगावात दातांच्या किडीचं सर्वेक्षण होणार. विद्यार्थ्यांना कीड ओळखायला, तिची पायरी ठरवायला मी शिकवायचं. मग निरगुडसरला चाचणी: तेच रुग्ण आधी मी तपासणार, नंतर विद्यार्थी. त्यांचे निष्कर्ष माझ्याशी जुळले की मी मुख्य परीक्षक. म्हणजे झालोच. निर्मलाला म्हटलं, कोट इस्त्रीला टाक. ही म्हणाली, आधी नेमणूक तरी होऊ द्या. हिला दूरदृष्टी नाही.

१० डिसेंबर
पहिलं लेक्चर. पुस्तकं मिटायला लावली. किडीच्या पायऱ्या मी अनुष्टुभात बांधल्यात:
आदौ श्वेतं ततः श्यामं ततो गर्तस्ततो व्यथा।
आधी पांढरा डाग, मग काळा, मग खड्डा, मग ठणका. पाठशाळेतली वर्षं फुकट गेली नाहीत. वर्ग तल्लीन. गोरक्ष नावाचा विद्यार्थी तर डोळे मिटून ऐकत होता.

११ डिसेंबर
तेजस्विनी नावाची मुलगी फार प्रश्न विचारते. म्हणे, सर, दात आधी ब्रशनं घासून, हवेनं वाळवूनच बघायचा ना? ओल्या दातावर पांढरा डाग दिसत नाही. म्हटलं, तुम्ही खुशाल घासा, वाळवा. मला पंचवीस वर्षांची नजर आहे. गोरक्ष एकदम खोकला. हवा बदललीय.

१२ डिसेंबर
संकल्प: मुख्य परीक्षक झाल्यावरही नम्र राहायचं. निदान पहिला महिना.

१५ डिसेंबर, निरगुडसर, सकाळ
देवळाच्या सभामंडपात शिबिर. भयंकर प्रकार! रांगेतल्या बाईनं तोंड उघडलं की श्याम. दुसरी, श्याम. तिसरी, महाश्याम. म्हाळसाबाई नावाच्या आजींना सांगितलं, पुढचे सगळे दात काढून कवळी बसवावी लागेल. त्या म्हणाल्या, "अवं डाक्टर, मिसरी हाय ती! आत्ताच लावून आले." लाजेपोटी रुग्ण कारणं सांगतातच. वर आजी म्हणतात, "ह्याच दातांनी काल ऊस सोलला मी." ऊस! कारणही सापडलं. लगेच नोंदवलं.
विद्यार्थी माझ्यानंतर बसले. ब्रश, पाणी, हवेचा फुगा, टॉर्च. नुसता संसार मांडला. माझी रांग कधीच संपली होती. चहा घेतला.

दुपार
निकाल. विद्यार्थ्यांचं आपापसात जवळजवळ पूर्ण एकमत. माझ्याशी मात्र एकाचंही जुळेना. वाईट वाटलं. सगळी पोरं नापास, तीही एकाच चुकीनं. आरती मॅडमना म्हटलं, वर्ग हुशार आहे, पुन्हा शिकवीन. मॅडम म्हणाल्या, त्यापेक्षा म्हाळसाबाईंना पुन्हा बोलवू, सगळ्यांसमोर. उत्तम! मी कोटाची बटणं लावली.

संध्याकाळ
प्रात्यक्षिक झालं. मी श्लोक म्हणून दात दाखवले. मग तेजस्विनीनं ब्रश फिरवला, आजींनी चूळ भरली, अन् पुढचे दात मोगऱ्यासारखे. आजी आरसा बघून म्हणाल्या, "अगं पोरी, तुझ्या सरांची कीड गेली कुठं? अन् माझी कवळी?" सभामंडप हसला. गोरक्ष खांबाआड जाऊन हसला, तेवढा सभ्यपणा त्याच्यात आहे.
तेजस्विनीनं एक दाढ वाळवून पांढरा डागही दाखवला. खरी कीड, अगदी सुरुवातीची. आत्ता लेप लावला तर तिथंच थांबेल. तो मी पाहिला नव्हता असं नाही. श्लोकात आहे तो.
आजी दात वाचले म्हणून खूश. जाताना मला म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, भाऊ. कोट लई झ्याक हाय."

१७ डिसेंबर, ओतूर
आरती मॅडमचा मेसेज. सर्वेक्षणात तेजस्विनीची नजर प्रमाण मानायची. मुख्य परीक्षकाचं पद तूर्त ठेवलेलं नाही. मी प्रत्येक गावात विद्यार्थ्यांआधी बसायचं आणि तपासणीपूर्वी रुग्णांचे दात ब्रशनं घासून द्यायचे.
निर्मलानं वाचलं आणि कोट घडी करून कपाटात ठेवला. विचारते, आता?
आता काय? दोन्ही तालुक्यांत मी ब्रश फिरवल्याशिवाय कुणाला काही दिसणारच नाही. एवढा विश्वास मॅडमनी दुसऱ्या कुणावर टाकलाय?
उद्या निमगाव सावा. सातला निघायचं. ब्रश स्वतःचेच आणा म्हणाल्यात.