बांधाजवळची नळी

विन्ह थान,
१२ जानेवारी

आई, नमस्कार.

मी बरी आहे. घरमालक साऊकाकांकडे रोज माशाचं कालवण असतं. तुझा खोकला थांबला का?

भातात पाणी सतत साचून राहिलं की हवामान तापवणारा वायू सुटतो, म्हणून अधूनमधून शेत सुकवायचं आणि जमिनीत पुरलेल्या नळीत पाण्याची पातळी मोजायची, हे माझं काम. काका त्यांच्या शेतातले जे आकडे सांगत, ते मी न तपासताच लिहीत आले. काल शेतात गेले, तर त्यांनी नळी उपटून उंच बांधाजवळ पुरलेली.

“भेगाळलेलं शेत बघवत नाही गं,” काका हसले. “तुझी नळी कोरडी, माझं भात ओलं. दोघंही खूश.”

असं सुकवून पिकवलेल्या भाताला कंपनी सगळ्या गावाला मिळून वाढीव भाव देते; हे तिला कळवलं तर गावातल्या तीसही घरांचा तो भाव जाणार. आज मी कळवलं.

काकांना अजून सांगितलेलं नाही. काकू जेवायला हाक मारतायत.

तुझी लेक,
थुई